हौद्यावरची ताडपत्री

हळदीच्या डागावर सोडा पडला की काय होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. हळदीपासून कुंकू कसं करतात हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तरीही 1994 च्या वैशाखात, लग्नाला दोन महिने झाले नव्हते तेव्हा, मी एका ट्रकच्या ताडपत्रीवर धुण्याच्या सोड्याची अख्खी पिशवी ओतली आणि खराट्यानं घासायला लागले.

त्या ताडपत्रीखालून सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद गेली होती. पोती फुटली असावीत, कारण आतल्या बाजूला हातभर पिवळे पट्टे होते. पुढची खेप इचलकरंजीच्या सुताची होती, पांढऱ्याशुभ्र सुताची. ड्रायव्हर म्हणाला होता, "पिवळं काही राहू देऊ नका." सासऱ्यांना, म्हणजे मामांना, बाहेर जायचं होतं. मी म्हटलं, धुणंच तर आहे, मी करते.

पिवळे पट्टे बघता बघता लालभडक झाले. मी जितकं घासत होते तितका लाल रंग पसरत होता. मामा आले तेव्हा अंगणात जखम झाल्यासारखी ती ताडपत्री पडली होती आणि मी रडायच्या बेतात होते.

"सोडा टाकलास?"

"हो."

"किती?"

"सगळा, मामा."

ते खाली बसले, कापडावरून हात फिरवला. म्हणाले, "डाग उन्हात जाईल, त्याची काळजी करू नकोस. मेण गेलं, त्याचं बघायला पाहिजे."

साध्या पाण्यानं तीन वेळा खळबळून आम्ही ती उन्हात पसरली. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. तिसऱ्या दिवशी डाग होता कुठे, हे शोधावं लागलं. पण कापडावर तांब्याभर पाणी टाकलं तर ते थेंब धरून न राहता सरळ आत शिरलं. मामांनी स्वतःच्या खर्चानं त्या अख्ख्या ताडपत्रीला पुन्हा मेण दिलं. तीस बाय वीस फुटांची ताडपत्री, चार दिवस गेले. सुताची खेप दुसऱ्या गाडीनं गेली. मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि त्या गोष्टीचा मला आजही त्रास होतो.

हा धंदा मी ठरवून धरला नाही. दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड, एक जड शिवणयंत्र, आयलेट ठोकायचा पंच आणि समोर अंथरायला मोकळी जागा. नवऱ्याला नोकरी होती, मामांची नजर अधू होत चालली होती आणि मला शिवण येत होतं. इतकंच. गेल्या तीस वर्षांत मला या कामानं वहिनी केलं, पंजाबातल्या ड्रायव्हरांनी भाभीजी केलं, विजापूरकडच्यांनी अक्का केलं. ते सगळे एकाच तक्रारीनं येतात. उत्तरेकडचे म्हणतात तिरपाल, आपले म्हणतात ताडपत्री, पण म्हणणं एकच: रंग उडालाय, जरा नव्यासारखी करून द्या.

रंगाचं दुखणं मला उशिरा कळलं. आधी कापड कळावं लागलं.

जुन्या पद्धतीची ताडपत्री सुताची असते, जाड आणि घट्ट विणीची. तिला पॅराफिनचं मेण आणि काही औषधं पाजलेली असतात. नवं कापड घेताना मामा त्यावर आयएस 2089 चा छाप शोधायचे. सुती ताडपत्रीची खरी करामत मेणापुरती नाही. पाणी लागलं की सूत फुगतं आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. म्हणून तिला सुई चालते. दाभणानं टाका घातला तरी सुती दोरा भिजून फुगतो आणि स्वतःचंच भोक बंद करतो. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला हे जमत नाही, तिथे सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती.

पण सूत म्हणजे खाण्याची वस्तू. बुरशी ते खाते. ओली ताडपत्री घडी करून केबिनच्या टपावर टाकली आणि दोन दिवस विसरली, की घडी उघडताना आधी वास येतो आणि मग काळे ठिपके दिसतात. ठिपके घासून फिके होतात, पण तिथलं सूत गेलेलं असतं. चांगल्या हिरव्या ताडपत्रीत तांब्याचं संयुग असतं, ते बुरशीला रोखतं. खाकी रंग लोखंड आणि क्रोमियमच्या संयुगांनी पक्का केलेला असला तर तो उन्हाला आडवा येतो. म्हणजे हा रंग नुसता शोभेचा नाही, तो पहाऱ्याला बसवलेला आहे. तो उडाला की ऊन थेट सुताशी भिडतं. वरून दुसरा रंग फासून दिसणं परत येतं, आत जे झालं ते होऊन गेलेलं असतं.

मामांनी मला बघायला शिकवलं ते असं. ताडपत्री आली की आधी रंगाकडे बघायचं नाही. काठ चिमटीत धरून हलकेच फाडून बघायचं. जिवंत कापड फाटायला तयार नसतं, जोर लावला तर टर्र आवाज करतं. मेलेलं कापड ओल्या कागदासारखं बिनआवाज सुटतं. मग दोघांनी टोकं धरून ती उन्हासमोर उभी करायची आणि आतून बघायचं. टाचणीएवढी भोकं चांदण्यांसारखी चमकतात. नांगरणीतल्या ढेकळांसारखे कडक पट्टे हाताला लागले तर तिथे कुणीतरी आधी डांबर फासलेलं असतं. डांबर फासलेल्या ठिकाणी मेण धरत नाही, सुई चालत नाही आणि घडी पडते तिथे चीर जाते. असा तुकडा कापूनच काढावा लागतो.

शेवटची परीक्षा झोळीची. चार खुंट्यांना चार कोपरे बांधून मध्ये झोळ ठेवायचा, दोन बादल्या पाणी ओतायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी खालची माती कोरडी आहे का, ते बघायचं. या रात्रीत खालून बोट लावायचं नाही. ओल्या सुती कापडाला आतून बोट लागलं की त्या जागी पाणी वाट काढतं आणि मग टपकत राहतं. भिजल्या तंबूत झोपलेल्या माणसाला हे ठाऊक असतं.

धुणं या कामात सगळ्यात कमी करायचं असतं. लोकांना हे पटत नाही, मलाही पटायला एक ताडपत्री खर्ची घालावी लागली. आधी कोरडी झाडायची, मऊ खराट्यानं, विणीच्या दिशेनं. मग थंड साधं पाणी. साबणाची पावडर नाही, सोडा नाही, गरम पाणी नाही. साबण मेण उचलतो आणि स्वतः थोडा कापडात मागे राहतो, मग तो पुढच्या पावसाचं पाणी आत ओढतो. ग्रीसच्या डागावर शंखजिऱ्याची पूड दाबून रात्रभर ठेवायची, सकाळी झटकायची, पुन्हा लावायची. तीन-चार वेळा केलं की डाग अर्ध्यावर येतो. उरलेला अर्धा राहू द्यावा. पक्ष्यांची घाण मात्र त्याच दिवशी काढावी. ब्लीचिंगनं डाग जातात, सोबत सूतही जातं.

मेण देण्याचं काम उन्हाळ्यातच होतं. पॅराफिन टर्पेंटाइनमध्ये विरघळवायचं, तेही गरम पाण्याच्या घमेल्यात डबा ठेवून, चूल विझवून आणि ती दूर ठेवून. ताडपत्री दुपारच्या उन्हात तापू द्यायची आणि ब्रशनं पातळ हात फिरवायचा. सांगलीचं एप्रिलचं ऊन इस्त्रीचं काम करतं, मेण आपोआप आत उतरतं. पावसाळ्याच्या तोंडावर घाईनं आलेल्या ताडपत्र्यांना हे सुख मिळत नाही, म्हणून मी मृगानंतर मेणाचं काम घेतच नाही. लोक रागावतात.

एकदा कुणाच्या सांगण्यावरून मी जवसाचं तेल वापरलं. तेल सुकलं की चिवट थर धरतं, हे खरं. संध्याकाळी तेलानं माखलेल्या चिंध्या शेडच्या कोपऱ्यात ढीग करून टाकल्या आणि घरी गेले. पहाटे शेजारच्या चहावाल्यानं दार वाजवलं. आग काडी न लागता लागली होती. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि ढिगातली ऊब बाहेर जाऊ शकली नाही की चिंधी पेट घेते. कोपऱ्यातली सुतळी, दोन घड्या आणि पत्र्याची एक बाजू काळी झाली. चहावाल्यानं आपल्या पिंपातलं सगळं पाणी ओतलं होतं. तेव्हापासून तेलकट चिंध्या एक-एक करून तारेवर सुटी वाळवायची, मगच टाकायची. आणि ते तेल मी पुन्हा ताडपत्रीला लावलं नाही. दोन वर्षांत ते कापड कडक होऊन घडीवर मोडायला लागलं होतं.

मधल्या काळात प्लॅस्टिकनं रस्ता धरला. याबद्दल मी ड्रायव्हरांना दोष देत नाही. तीस बाय वीसची सुती ताडपत्री कोरडी असतानाच पंचवीस किलोच्या आसपास भरते, भिजली तर क्लिनर आणि ड्रायव्हर दोघांची कंबर मोडते. विणलेल्या प्लॅस्टिकची तेवढीच ताडपत्री एकटा पोरगा खांद्यावर टाकून हौद्यावर चढतो. किंमतही कमी. पण ती झिजते ते कळत नाही. उन्हानं तिची पट्टी न् पट्टी ठिसूळ होते आणि एके दिवशी हात लावला की भुगा गळतो. तिथे दुरुस्ती नाही. मी तसं सांगते आणि पैसे घेत नाही.

पीव्हीसीचं कव्हर वेगळं. पिकअप आणि छोट्या टेम्पोच्या हौद्यावर मापानं शिवलेलं असतं ते. ते फिकं पडलं की त्यावरून हात फिरवल्यावर पांढरी पूड लागते. आत नरमपणासाठी घातलेला पदार्थ उन्हानं हळूहळू निघून जातो, मग कव्हर थंडीत पत्र्यासारखं वाजतं. गेलेला नरमपणा परत घालता येत नाही. भांड्याचा सौम्य साबण, मऊ ब्रश, थोड्या-थोड्या भागावर काम आणि साबण वाळायच्या आत भरपूर पाणी, एवढ्यानं पूड निघते आणि खालचा रंग जरा वर येतो. पुष्कळ जण डिझेल नाहीतर जळकं ऑइल चोळून चमक आणतात. आठ दिवस झकास दिसतं, मग त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि जे काळं होतं ते निघता निघत नाही. फाटलेल्या जागी मी आतून ठिगळ लावते, गरम हवेच्या बंदुकीनं वितळवून, आणि ठिगळाचे कोपरे गोल कापते. चौकोनी कोपरा वाऱ्याला पहिला सापडतो.

खरं तर पावसापेक्षा वारा जास्त ताडपत्र्या खातो. सैल बांधलेली ताडपत्री शंभर किलोमीटर फडफडली की शिवणीच्या कडेला कापड पिसल्यासारखं होतं. म्हणून लोक करकचून बांधतात, आणि सुती दोर असला की तो पावसात आखडतो आणि आयलेट उपटून काढतो. कुठे सैल, कुठे घट्ट, हे मी सांगून उपयोग नाही, बांधणाऱ्याच्या हाताला कळायला लागतं. फाळक्याच्या कोपऱ्यावर टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा, एवढं मात्र मी प्रत्येकाला सांगते. जोडाची पट्टी कौलांसारखी असावी, वरची खालचीवर चढलेली, आणि ताडपत्री टाकताना तिचं तोंड उताराकडे यावं. उलटी टाकली की नवी ताडपत्रीसुद्धा गळते आणि शिवणाऱ्याला शिव्या बसतात.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

मामा गेल्यावर काही वर्षं मी रंग देत होते. नुसता रंग. मालवाहतुकीच्या ऑफिसात गाडी लावताना मुनीम बाहेर येऊन ताडपत्रीवर एक नजर टाकतो. फिकी, ठिगळांची दिसली की महागाचा माल त्या गाडीत भरत नाहीत. ड्रायव्हरला भाडं पाहिजे असतं, त्याला ती हिरवीगार दिसायला हवी असते. मी पातळ मेणात रंग कालवून एक हात मारून द्यायचे. एका दिवसात काम, रोख पैसे. मुलीचं शिक्षण चालू होतं. झोळीला रात्र लागते, रात्रभर गाडी थांबवायला कुणी तयार नसतं, म्हणून मी झोळी सोडून दिली. चिमूट मात्र सुटली नव्हती, ती हाताची सवय होती.

बेदाण्याचा हंगाम होता. तासगावचा माल भरायला निघालेली गाडी सकाळी थांबली. मी काठ चिमटीत धरला आणि तो आवाज न करता सुटला. माझ्या दोन बोटांत कापडाचा तुकडा आला. ड्रायव्हर चहा पीत होता, त्यानं बघितलं नाही. मी तुकडा पदराला पुसल्यासारखा करून टाकून दिला आणि तिथे आतून पट्टी मारली. दुपारी रंग दिला. संध्याकाळी गाडी गेली.

अवकाळी पाऊस कोल्हापूरच्या पुढे घाटात लागला. मला हे तीन आठवड्यांनी कळलं, त्याच ड्रायव्हरकडून. बेदाण्याची खोकी वरच्या दोन थरांत भिजली होती, व्यापाऱ्यानं माल नाकारला होता आणि गाडीमालकानं नुकसान त्याच्या पगारातून कापायला सुरुवात केली होती. तो भांडायला आला नव्हता. त्याला वाटत होतं की ताडपत्री बांधताना त्याचीच काही चूक झाली. "वहिनी, जोड उलटा पडला असंल का?" त्यानं मला विचारलं.

मी त्याला सांगितलं. कापड मेलेलं होतं, मला सकाळीच कळलं होतं, तरी मी रंग दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मी रंगाचे पैसे परत दिले, नुकसानीतला थोडा भाग पुढे दोन-तीन हप्त्यांत दिला, सगळा देण्याची माझी ऐपत नव्हती. त्यानं पैसे घेतले. पुन्हा तो माझ्याकडे आला नाही, आणि त्यानं यायला हवं होतं असं मला वाटत नाही.

त्यानंतर झोळीशिवाय एकही ताडपत्री शेडबाहेर गेलेली नाही. रंग मागितला तर मी देते, पण झोळीच्या रात्रीनंतर, आणि मेण आधी. अर्धी गिऱ्हाइकं त्या वर्षी तुटली. रोख एका दिवसाचं काम दुसरीकडे मिळत होतं. मुलीच्या फीसाठी मी घरी परकर शिवले. जे उरले ते ड्रायव्हर स्वतःच्या गाडीचे मालक होते. त्यांना एक रात्र थांबणं परवडत नव्हतं, पण भिजलेला माल त्याहून परवडत नव्हता.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांवर गेलं तेव्हा शेडचं छतसुद्धा दिसत नव्हतं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर दुरुस्तीला आलेल्या सगळ्या ताडपत्र्या गाळाखाली घड्यांसकट दाबल्या होत्या. शिवणयंत्र उचलवत नव्हतं. घडी उघडली तर आत चक्क ऊब होती. इतके दिवस ओलं राहिलेलं सूत आतून कुजत होतं.

माझं डोकं त्या दिवशी फक्त एका गोष्टीवर चाललं: गाळ वाळायच्या आत धुवायचा. वाळलेला गाळ विणीत बसला की घडी घालताना काचकागदासारखा सूत कापतो. टँकरचं पाणी पिण्यालाच पुरत नव्हतं, ते मागायची लाज वाटत होती. चार दिवसांनी विहिरीवर मोटर बसली, मग गल्लीतल्या बायका आणि मी मिळून एकेक ताडपत्री रस्त्यावर पसरून पाणी मारलं. प्लॅस्टिकच्या जवळपास सगळ्या वाचल्या. सुतीतल्या निम्म्याही नाही. पण मेलेल्या ताडपत्रीतही मधला एखादा दहा-बारा फुटांचा तुकडा जिवंत निघायचा. मालकांना फोन करून विचारलं, बहुतेक जण म्हणाले, आता ट्रकला उपयोग नाही, तुम्हीच बघा. ते तुकडे काठ दुमडून, चार आयलेट ठोकून गल्लीत गेले. भिंती पडलेल्या घरांवर, भांड्यांच्या ढिगांवर, एका म्हशीवर. त्या तुकड्यांचा रंग काय होता, ते कुणी विचारलं नाही. मीही झोळी लावली नाही, पाऊस चालूच होता.

शिवणयंत्र उघडून रॉकेलनं धुतलं, तेल दिलं, आणि दसऱ्याला ते चाललं.

आता सुती ताडपत्र्या वर्षाकाठी मोजक्याच येतात. या एप्रिलमध्ये एक आली, चोवीस बाय अठरा, खाकी, दुधी भोपळ्याच्या सालीसारखी फिकी पडलेली. मालक सत्तरीचे आहेत, मामांच्या वेळचं गिऱ्हाईक. गाडी मुलगा चालवतो, तो म्हणत होता प्लॅस्टिकची घेऊ. म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही. त्यावर मामांच्या हातचं एक ठिगळ आहे, मी टाक्यावरून ओळखलं. ते प्रत्येक सातव्या टाक्याला एक गाठ मारायचे, म्हणजे एक दोरा तुटला तरी शिवण उसवत जात नाही. ठिगळाभोवतीचं कापड चिमटीत धरलं. सुटलं नाही. दोन ठिकाणी नवं ठिगळ, एका कोपऱ्याचे आयलेट आणि दोन दुपारी मेण, इतकं काम निघालं. मुलाला रंग हवा होता. मी त्याला सांगितलं, झोळी बघू, मग बोलू.

काल रात्री पाणी भरलं. आज सकाळी गेले तेव्हा झोळीच्या काठावर साळुंक्या बसून पाणी पीत होत्या. मी वाकून खाली बघितलं. माती काल झाडलेली होती तशीच होती, खराट्याच्या रेघांसकट. मग मुलाला हाक मारली, दोघांनी कोपरा उचलून ते पाणी शेडमागच्या कडुलिंबाला घातलं आणि ताडपत्री वाळायला टाकली.